बाईंचा पाय आणि माझी थरथर

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटार आहे. निळी आपली म्हणायची. तो रंग आता दारांच्या आतल्या कडांनाच काय तो उरला आहे. कारखान्यातून आले तेव्हा मात्र नव्याचा वास माझ्या आसनांना इतका होता, की तो उडून जाईल म्हणून मालक आठ दिवस काचा खाली करायला तयार नव्हते.

मालक पेशाने बसचालक. आठवडाभर बस हाकून आलेला माणूस सुट्टीच्या दिवशी मला पुसत बसे, चाकांतली हवा बघे, तेलाची पट्टी काढून तपासे. शेजारी म्हणत, "गाडी ठेवावी तर यांनी!" ते ऐकून मी बॉनेटभर फुगत असे.

सत्तरी गाठता गाठता मालकांची नजर अधू झाली. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. मग दोन वर्षे मी फाटकाआड पाने आणि धूळ अंगावर घेत उभी राहिले. डोळे तपासायला दर महिन्याला पूल ओलांडून दवाखान्यात जावे लागे, आणि दर वेळी कुणाची तरी मनधरणी. शेवटी साठीला टेकलेल्या बाईंनी, म्हणजे मालकांच्या पत्नीने, कंबर कसली. शिकल्या, परवाना काढला आणि एका सकाळी किल्ली फिरवली.

उभी होते तोवर सारे ठीक. पण वेग वाढवायला बाईंनी पाय दाबला, की माझ्या अंगात हुडहुडी भरे. आरसा थरथरे, समोरचा खण खडखडे.

"अगं, पाय हलका ठेव," शेजारी बसलेले मालक म्हणत. "क्लच अर्धवट सोडतेस तू."

"पूर्ण सोडलाय हो."

"मग गिअर चुकला असेल. गाडी उगाच नाही थरथरत."

मला ओरडून सांगावेसे वाटे, की अहो, यांच्या पायात काही खोट नाही, दुखणे माझे आहे. पण सांगणार कशी?

तिसऱ्या महिन्यात पुलाच्या चढावर माझा दमच तुटला. मागे रांग लागली. एक जण खिडकीशी येऊन बाईंना नको ते बोलून गेला. घरी पोचताच त्यांनी किल्ली मालकांच्या तळहातावर ठेवली.

"विकून टाका. माझ्याच्याने नाही व्हायचं."

मालकांनी किल्ली चाचपली. मग म्हणाले, "एकदा मिस्त्रीला दाखवू. तुझं काय चुकतंय ते तो तरी सांगेल."

मिस्त्री म्हणजे डेपोतला त्यांचा जुना दोस्त. आता पुलापलीकडे स्वतःच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करतो. बाईंनी मला कसेबसे तिथवर नेले.

"सांग रे हिला," मालक उतरता उतरताच म्हणाले.

मिस्त्रीने सांगितले काहीच नाही. उलट विचारले, "वहिनी, कधी थरथरते?"

"उभी असली की शांत असते, भाऊजी. पाय दाबला की सुरू."

"मग तुम्हीच बसा आत. गिअर नको. पाय द्या आणि मी सांगेपर्यंत तसाच धरा."

बाईंनी पाय दिला. मी जागच्या जागी थरथरू लागले. "म्हणजे चाकांचा दोष नाही," मिस्त्री पुटपुटला. इंजिनाखालचे रबरी आधार त्याने हलवून पाहिले. तेही घट्ट होते. माझ्या चार सिलिंडरांवर चार कॉइल आहेत. प्लगला ठिणगी त्या पुरवतात. मिस्त्री एकेकीची वायर काढून परत जोडू लागला. पहिलीची काढली, मी लंगडले. दुसरीची काढली, तरी तेच. तिसरीची काढली आणि मला काही फरकच पडला नाही!

"हं. तीनच सिलिंडरांवर ओढतेय बिचारी."

मग मला बंद करून त्याने पहिल्या आणि तिसऱ्या कॉइलची अदलाबदल केली. पुन्हा सुरू केल्यावर तिसरा सिलिंडर नीट चालला आणि पहिला गळाठला. म्हणजे चोर सापडला. इंजिनावरच्या झाकणाचे रबर जुने होऊन तेल झिरपले होते आणि त्या तेलात बसून कॉइल तडकली होती.

"हे झाकण शेवटचं कधी उघडलं होतंस?" मिस्त्रीने मालकांना विचारले.

"आणि वहिनींचा पाय म्हणशील, तर मी वायरी काढत होतो तेवढा वेळ तसूभर हलला नाही. डेपोत तुझासुद्धा असा नव्हता."

नवी कॉइल, नवे रबर, नवे प्लग. दुपारी आम्ही परत निघालो. बाईंनी पाय दाबला, आणि मित्रांनो, कितीतरी दिवसांनी मी अंग न हलवता धावले! मालक मात्र खण धरून ताठ बसले होते.

"अगं, पुलाचा चढ आला की सांग मला."

"पूल केव्हाच मागे गेला हो," बाई म्हणाल्या.

मालकांनी हळूच खण सोडला. "उगाच बोललो गं तुला," ते म्हणाले. बाईंना हसू आले, आणि मग डोळेही पुसावे लागले.

मित्रांनो, आम्हा गाड्यांना तोंड नाही. पुसताना जरा बॉनेट उघडूनही बघत जा, तेल कुठे झिरपत नाही ना ते पाहा, आणि गाडी थरथरली तर चालवणाऱ्यावर घसरण्याआधी तिला मिस्त्रीकडे न्या. बरे, आता मला निघायला हवे. बाईंना बहिणीकडे जायचे आहे, आणि मालक "मीही येतो" म्हणून चपला शोधत आहेत.