लाडूचे काचेचे घर

मित्रांनो, मी पांढुर्ण्याच्या एका मिठाईच्या दुकानातला जुना काउंटर आहे. निदान होतो तरी. आता मी सौंसरला एका घराच्या बैठकीत उभा आहे, आणि माझ्या पोटात एक साप राहतो. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, याची मला अजूनही खात्री वाटत नाही. काउंटरकडे कोण बघतो? लोक काचेतून आत बघतात. पण सापाचे नाव काढल्यावर तुम्ही थोडे थांबाल, एवढ्या आशेवर बोलतो आहे.

माझा जन्म सागवानाचा. पुढे दोन सरकत्या काचा, आत तीन फळ्या आणि माश्या शिरू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना बारीक जाळी. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाणारे लोक माझ्यातले पेढे घेऊन जात. पोरे काचेला नाक लावत आणि मालक फडक्याने ते नाकाचे ठसे पुसत बसे. दुकान जाम नदीपासून फार लांब नव्हते, म्हणून गोटमारीच्या दिवशी, नदीकाठी दोन गावांची दगडफेक चाले तेव्हा, मालक माझ्यावर जाड पोती टाकी. दिवसभर बाहेरचा गलका ऐकत मी अंधारात बसे. तेवढा एक दिवस सोडला तर मी सदा उजेडात असे. मला वाटे, आपण फार महत्त्वाचे आहोत.

मग दुकानात थंड हवेचा, आपोआप दिवा लागणारा नवा काउंटर आला. मला मागच्या खोलीत ढकलले. माझ्या फळ्यांवर रिकामे खोके आले, मग तुटकी चप्पल आली, मग एका कोळिणीने संसार मांडला. ती चांगली होती, पण फारशी बोलत नसे. कोणी काच पुसली नाही. मीही समजलो की आपले संपले.

एके दिवशी सौंसरचे गुणवंता मिस्त्री आले. त्यांनी माझ्या पाठीवर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "लाकूड अजून जित्तं हाय." मला टेम्पोत घालून त्यांनी सौंसरला नेले. संत्र्यांच्या बागांमधून वारा लागत होता आणि माझ्या काचा आनंदाने खुळखुळत होत्या. खरे म्हणजे त्या सैल झाल्या होत्या. हे पुढे फार महागात पडणार होते, पण तेव्हा मला गाणे सुचल्यासारखे वाटले.

मिस्त्रींच्या दुकानात धनश्री आली. मी आता ज्या घरात आहे, तिथल्या केसरबाईंची ती सून, वैभवची बायको. नागपूरला प्राणिशास्त्र शिकलेली. तिची मैत्रीण शिकायला परदेशी निघाली होती आणि आपला पाळीव साप धनश्रीला देऊन जाणार होती. हा साप आपल्या रानातला नव्हे, आफ्रिकेतला. बिनविषारी. सरकारदरबारी त्याची रीतसर नोंद होती आणि ती आता धनश्रीच्या नावे झाली होती. घाबरला की तो अंगाचा गोळा करून बसतो, म्हणून त्याचे नाव लाडू. मिठाईच्या काउंटरच्या नशिबी पुन्हा लाडूच आला म्हणा ना!

गुणवंता मिस्त्रींनी आयुष्यभर दोनच गोष्टी मन लावून केल्या होत्या, देव्हारे आणि दुकानांची कपाटे. मला सापाचे घर करायचे, हे मात्र पहिल्यांदाच.

"ताई, वर कळस लावून देतो," ते म्हणाले. "नागोबाचं घर हाय. बिनकळसाचं बरं दिसते काय?"

"भाऊ, कळस नको. एका बाजूला ऊब पाहिजे आणि दुसरी बाजू गार. त्याला हवं तिकडे तो सरकेल."

"म्हणजे अर्धा उन्हाळा, अर्धा हिवाळा?"

"तसंच समजा."

"अन् पावसाळा?"

"पाण्याचं पसरट भांडं ठेवू ना. थोडी दमट हवा लागते त्याला."

"तिन्ही ऋतू एका खोक्यात!" मिस्त्री डोके खाजवत म्हणाले. "माह्या घरात एकच ऋतू हाय, बायकोचा राग."

त्यांनी मला मधोमध नाही, पण बरेच कापले. फळ्या काढल्या. मिठाईला फळ्या लागतात, सापाला मोकळी जागा. माझ्या जाळ्यांवर त्यांनी मायेने हात फिरवला आणि त्या तशाच ठेवल्या, कारण हवेला येण्या-जाण्याची वाट हवी. एका टोकाला ऊब देणारी चटई बसवली. ती किती तापावी हे ठरवणारे छोटे यंत्र धनश्रीने आणले. लपायला अर्धे मडके पालथे घातले. वॉर्निशचा वास उडावा म्हणून मला बरेच दिवस उन्हात ठेवले. मी पुन्हा चकाकू लागलो. कोणीतरी आपल्यासाठी इतका विचार करते आहे, हे पाहून मला संकोच वाटत होता. मग लक्षात आले की विचार लाडूसाठी चालला आहे. तरी बरे वाटले.

घरी मात्र एक अडचण होती. केसरबाई सापाला हात जोडणाऱ्या आणि सापाला भिणाऱ्या, दोन्ही मनापासून. त्यांनी सुनेला स्पष्ट सांगितले होते, "तुही हौस हाय, मी नाही म्हणत नाही. पण एक डाव जरी तो बाहेर दिसला, तं दुसऱ्या दिवशी त्याले दुसरं घर पाय. शर्त मंजूर?"

"मंजूर, आई."

मैत्रीण तर परदेशी निघालेली. म्हणजे लाडू गेला तर कुठल्या तरी अनोळखी हातात जाणार. धनश्रीला ते नको होते. म्हणून माझ्याकडे ती रोज दहादा बघत असे. आणि मी? मला अभिमान वाटे आणि लगेच शंका येई. आपल्याकडून हे निभेल का?

मला बैठकीत आणून ठेवले तेव्हा एकच काम उरले होते. माझ्या दोन काचा जिथे एकमेकींवर सरकतात, तिथे मध्ये थोडी फट राहते. मिठाईच्या काउंटरला ती चालते, पेढे काही आपणहून बाहेर निघत नाहीत. तिथे एक पट्टी ठोकायची होती आणि काचांना कुलूप बसवायला भोक पाडायचे होते. मिस्त्री त्यासाठी यंत्र घेऊन आले, तो दिवस नेमका नागपंचमीचा निघाला.

यंत्राची वायर भिंतीत लावणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून केसरबाई धावत आल्या. "अवो मिस्त्री! आज भोक पाडता? आज कोणी विळी हाती धरत नाही, तवा चुलीवर ठेवत नाही, अन् तुम्ही नागोबाच्या घरालेच टोचून राहिले?"

मिस्त्रींनी दोन्ही कानांना हात लावले. "चुकलो काकू! ध्यानातच नाही राहिलं. उद्या सकाळी पयलं काम हेच."

"पण लाडू आजच येतोय, भाऊ," धनश्री म्हणाली. "वैभव त्याला घेऊन नागपूरहून बसने निघालासुद्धा."

"एका दिवसानं काय होते, ताई? अन् आज त्याचाच सण हाय. तो कायले निघते?"

धनश्रीच्या मनाला पटले नव्हते, पण दोन वडीलधाऱ्यांचा शब्द तिने मोडला नाही. तिने वर्तमानपत्राची घट्ट घडी करून फटीत कोंबली. मला ती घडी काही भरवशाची वाटली नाही. पण माझे कोण ऐकणार?

दुपारी वैभव लाडूला घेऊन आला. तपकिरी अंगावर पिवळसर ठिपके, अंगठ्याएवढा जाड. माझ्या तळावर त्याचे पोट टेकले तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. इतकी वर्षे माझ्यात कितीतरी गोड वस्तू आल्या, पण स्वतःहून हलणारी ही पहिलीच.

केसरबाईंनी दोन हात लांबून माझ्या चौकटीला हळद-कुंकू लावले आणि खाली दूध-लाह्या ठेवल्या.

"आई, साप दूध पीत नाही. त्याला त्रास होतो."

"मी कुठी पाजून राहिली? निवद दाखवला म्हणजे खावाच लागते काय? तुह्या सासऱ्याच्या फोटोलेबी दाखवते मी, ते उठून बसले काय कधी?"

धनश्री हसली. जेवणे झाली, पडदे ओढले गेले. वैभव दिवाणावर घोरू लागला. बाहेर ढग होते आणि घरात छान काळोख झाला होता.

लाडू मडक्यातून बाहेर आला. पाण्याच्या भांड्यातून गेला, ओल्या अंगाने काचेशी आला आणि नाकाने वर्तमानपत्राला ढुशी देऊ लागला. कागद भिजला. माझी काच सैल, ती मागे कलली. मित्रांनो, मी लाकूड असून मला घाम फुटला. मी अंग आकसून फट लहान करायचा प्रयत्न केला. लाकडाला पावसाळ्यात फुगता येते, पण इतक्या घाईने नाही. लाडू निघाला. सावकाश, कोणाची झोप न मोडता. समोर स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळीत फ्रीज होता आणि त्याला लागून लोखंडी मांडणी. फ्रीजच्या उबेने तो मांडणीवर चढला आणि पोळ्यांच्या दुरडीत, फडक्याखाली शिरला. त्या दिवशी घरात तवाच चढला नव्हता, म्हणून दुरडी रिकामी होती. एरवी तिथे पोळ्या असत.

मला सगळे दिसत होते आणि सांगता मात्र काहीच येत नव्हते.

वैभव उठला आणि मला रिकामा पाहून दिवाणावरच पाय वर घेऊन बसला. "धनश्री," तो पुटपुटला, "इकडे ये. हळू ये. खाली पाहत ये."

धनश्रीचा चेहरा उतरला. मग दोघे केसरबाईंना कळू न देता घर धुंडाळू लागले. दिवाणाखाली, चपलांच्या मागे, पडद्याच्या घड्यांत. दोघेही खालीच बघत होते. मी मनात ओरडत होतो, 'वर बघा, वर!'

केसरबाई दारात आल्या. "काय शोधून राहिला रे?"

"चार्जर, आई."

"चार्जर तं तुह्या हातात हाय."

वैभवने हाताकडे पाहिले. खरेच होता.

तेव्हा धनश्री सरळ उभी राहिली. "आई, लाडू निघून गेला. फट राहिली होती, हे मला माहीत होतं. तरी मी त्याला आत सोडलं. तुमची अट मी मोडत नाही, उद्या त्याच्यासाठी दुसरं घर बघते. पण आधी तो सापडू द्या. नवी जागा आहे, तो बिचारा घाबरला असेल."

केसरबाई पदर खोचून बोळीकडे वळल्या; भीती वाटली की त्या कामाला लागत. वाफवलेले दिंड काढून ठेवायचे होते, त्यासाठी त्यांनी दुरडी उचलली.

"रिकामी दुरडी जड कशी लागून राहिली वो?" असे म्हणत त्यांनी फडके उचलले.

धनश्री पडदा सोडून बोळीच्या तोंडाशी आली.

"आई, हलू नका," धनश्री हळूच म्हणाली. "तो काही करत नाही."

"मी कुठी हलून राहिली? माहे पायच हलत नाहीत." केसरबाई दुरडीत बघत राहिल्या. आत एक गुळगुळीत गोळा होता. "याचं मुंडकं कुठी हाय?"

"मधे लपवलंय. घाबरला की तसं करतो."

"कोणाले घाबरला?"

"आता तुम्हालाच."

"मले?" केसरबाईंनी एकदा लाडूकडे, एकदा सुनेकडे पाहिले. मग त्यांच्या पोटातून हसू फुटले, इतके की दुरडी हलायला लागली. "माय वो! चाळीस वर्षं झाली या घरात येऊन. नवरा भ्यायला नाही, हा पोट्टा भ्यायला नाही. मले भिणारं हे पयलंच!"

धनश्री दुरडी घ्यायला पुढे झाली, तर त्या म्हणाल्या, "राहू दे. हलवाहलव केली तं आणखी भिईन तो." आणि मित्रांनो, ज्या बाई दोन हात लांबून मला कुंकू लावत होत्या, त्या सावकाश चालत आल्या आणि त्यांनी ती दुरडी स्वतःच्या हाताने माझ्यात ठेवली. माझ्या काचा खुळखुळल्या.

वैभवला राहवले नाही. "आई, पण तुही शर्त? बाहेर दिसला तं..."

"बाहेर कुठी दिसला? दुरडीत होता, झाकलेला." केसरबाईंनी पदर सारखा केला. "अन् शर्त मी घातली होती न? मग ती मोडाची बी मीच. तू तुहा चार्जर सांभाळ."

धनश्री हसता हसता रडू लागली. फटीवर त्या दिवशी जाड पाट दाबून बांधला आणि केसरबाई स्वतः खुर्ची टाकून समोर बसल्या.

दुसऱ्या दिवशी गुणवंता मिस्त्री चहाच्या आधीच हजर झाले. ऐकून ते खालमानेने कामाला लागले. भोक पाडताना मला थोडे दुखले, पण इतके गोड दुखणे मी पहिल्यांदा अनुभवले. पट्टी बसली, काचा घट्ट झाल्या, कुलूप लागले. केसरबाईंनी देवाजवळची कापसाची वात आणली आणि फटीपाशी आत सरकवून पाहिली. सरकली. "अजून घट्ट करा," त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी पुन्हा केले. वात अडली, तेव्हा कुठे त्यांना चहा मिळाला.

घरात नवी दुरडी आली. जुनी माझ्यात आहे, लाडू मडक्यापेक्षा तिच्यातच जास्त रमतो. त्याच्या जेवणाच्या, म्हणजे उंदराच्या दिवशी केसरबाई अंगणात जाऊन बसतात, ते मात्र त्यांना बघवत नाही. पण रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की त्या माझे कुलूप ओढून पाहतात. कोणी हळदी-कुंकवाला आले की म्हणतात, "भिऊ नका वो. तोच मले भिते."

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा शेतात साप निघाला तर त्याला पकडू नका, मारू नका आणि पाळू तर मुळीच नका. आपल्या रानातला साप रानाचा असतो, जाणत्या सर्पमित्राला बोलवा. पण जो जीव तुम्ही रीतसर आपल्या घरी आणाल, मग तो साप असो, पोपट असो की मासा, त्याचे घर तो येण्याआधी पुरे करा. मला कापले, ठोकले, तासले, त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वाटले ते त्या एका दुपारचे, जेव्हा माझ्यापुढे हात जोडले गेले होते आणि फट तशीच होती.

आता गुणवंता मिस्त्री दरवर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी येतात. पट्टी तपासतात, कुलपाला तेल घालतात, काचा हलवून बघतात. केसरबाई वात घेऊन उभ्या असतात. आधी वात अडते, आणि दुसऱ्या दिवशी मला कुंकू लागते.