चौदा नंबरचा गेरू

१९६०च्या नोव्हेंबरात, सकाळी साडेआठ वाजता, नगरपालिकेचे कारकून बबनराव यांनी दिग्रसच्या नदीकडच्या ओळीत कोकिळाबाईंच्या दारावर गेरूने १४ हा आकडा काढला. शिरगणतीपूर्वी घरांना नंबर घालायचे होते. साडेनऊला घराचे गिऱ्हाईक दारातूनच परत गेले.

गिऱ्हाईक म्हणजे तांड्यावरचा धावजी. सौदा बाराशेला ठरला होता. त्या पैशांत कोकिळाबाई यवतमाळला, नर्स असलेल्या लेकीशेजारी खोली घेणार होत्या. त्या लेकीचे, विमलचे, दिवस भरत आले होते.

तीन वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत रोग्यांच्या दारांवर गेरूचीच फुली मारली होती. या ओळीत सात माणसे गेली. बाजार ओळीत नऊ गेली. त्या नऊंचे कोणी बोलत नसे.

"भाऊ, काहून लाल केलं माह्यं दार?"

"बाई, नंबर हाय थो. साऱ्या गावाले लावून राह्यलो."

"गाव कुठं वाचते? गाव रंग पाह्यते."

संध्याकाळपर्यंत ओळीतल्या घरांना कोणी सहाशेही देईना. बबनराव थक्क झाले. बावीस वर्षे त्यांनी नोटिसा लिहिल्या होत्या. एकही कोणी धड वाचली नव्हती. आज दोन आकड्यांनी अख्खी ओळ अर्ध्यावर आणली. घरी येऊन ते बराच वेळ कुंचल्याकडे पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धावजीला बाजार ओळीत आणले. तिथेही प्रत्येक दारावर तोच गेरू होता. कालच तिथले एक घर चढ्या भावाने गेले होते.

"पाह्य. माह्याच हातचा हाय."

धावजी हसला. "साहेब, मले का नंबर समजत नाही? पन इथं गेरू म्हंजे सरकार, अन् तिथं गेरू म्हंजे पटकी. उद्या मले इकाचं झालं त घेईन कोन? तुमी ऱ्हाता का तिथं?"

 बबनराव बाजार ओळीत राहत होते.

आठवड्याने कोकिळाबाई बाळंतपणासाठी यवतमाळला गेल्या. त्याच दिवशी बबनराव बायकोसह, भाड्याने, चौदा नंबरात राहायला आले. सामान एका खासरात, छोट्या बैलगाडीत, मावले.

"पाय घसरला का कारकूनसाहेब?" बाजार ओळीतून कोणी तरी ओरडले.

"उतारावर आलो, इतकंच," बबनराव म्हणाले. गेरू त्यांनी पुसला नाही. बायको त्याखालीच रांगोळी काढू लागली.

फेब्रुवारीत शिरगणती झाली. चौदा नंबरात माणसे दोन, अशी नोंद आहे. विमलला मुलगी झाली; कोकिळाबाई लेकीच्या एकाच खोलीत, चुलीशेजारी झोपतात.

धावजी दर बाजाराच्या दिवशी या दारावरून जातो. मागच्या बाजाराला तो थांबला. बबनरावांच्या बायकोकडे पाणी मागितले, उंबऱ्यात बसून तांब्या पूर्ण रिकामा केला.

घराचा भाव मात्र विचारला नाही.