कै. शशिकांत काकांचा पासवर्ड

देवांगने माणूस मारला तो एका मंगळवारी, ऑफिसच्या कॅफेटेरियात पास्ता खाताना, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

तसा तो निरुपद्रवी प्राणी. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमध्ये दिवसभर दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळायचा. त्याने पोट भरतं, पण खाज भागत नाही, म्हणून घरी येऊन स्वतःचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. त्याचं नाव 'ओसरी'. लोकांनी जमावं, चर्चेचे धागे काढावेत, एकमेकांची उणीदुणी काढावीत, असा फोरम ज्याच्यावर चालतो ते सॉफ्टवेअर. एकट्याने लिहिलेलं, फुकट वाटलेलं, आणि जगात दोनच ठिकाणी चालणारं. एक, अ‍ॅशबर्नच्या मराठी मंडळींचा फोरम. दुसरं, ओहायोतली अकॉर्डियन दुरुस्त करणाऱ्यांची संघटना. भाषांतर अर्धवट राहिल्यामुळे ओहायोत काही बिघडलं की स्क्रीनवर 'अरे देवा' उमटायचं. तो आपला लोगो आहे अशी तिथल्या लोकांची समजूत होती.

ओसरीचे पहिले सभासद म्हणजे शशिकांत काका. जन्मभर पुण्यात विम्याचे दावे फेटाळून निवृत्त झालेले आणि मुलाकडे अमेरिकेत आलेले. देवांग नागपूरहून नवानवा आला तेव्हा काकांनी त्याला रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी शिकवली होती, आणि बदल्यात त्याच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचा तहहयात हक्क घेतला होता. "देवांग, बटण एकदा दाबलं की मजकूर दोनदा जातो." "देवांग, शोधमध्ये श्रीखंड टाकलं की अंत्यविधीचा धागा वर येतो. बघ जरा." काका म्हणजे बिनपगारी टेस्टर, आणि बिनपगारी म्हणूनच अत्यंत कडक.

आता त्या खुनाचं हत्यार. देवांगने एकदा सभासदांना हुद्दे द्यायची सोय केली. नवा आला की 'पाहुणा', रुळला की 'शेजारी', फार भांडला की 'भाऊबंद'. आणि वर्षभर जो फिरकणार नाही, त्याच्या नावाआधी आपोआप 'कै.' लागणार. परत लॉगिन केलं की माणूस जिवंत.

"हे कुणाला तरी खरं वाटेल हं," त्याची बायको रुचा म्हणाली होती.

"कुणाला वाटेल?" देवांग एकटाच पोट धरून हसला आणि विसरून गेला. ओसरीवरची मंडळी इतकी भांडकुदळ की वर्षभर गप्प बसणं कुणालाच जमलं नाही. त्यामुळे ती सोय कधी कामालाच आली नाही.

मग काकांच्या मुलाची बदली झाली आणि काका गाडीने चार तासांवरच्या एडिसनला गेले. त्याच सुमारास देवांगने ओसरीची नवी आवृत्ती काढली आणि सुरक्षेच्या नावाखाली पासवर्डचे नियम कडक केले. त्यात देवनागरी अक्षरं बसेनात. सगळ्यांचे पासवर्ड इंग्रजीत होते, एक काकांचा सोडून. जुना पासवर्ड टाकल्याशिवाय नवा घेता येत नव्हता, आणि जुना चालत नव्हता. काकांनी मेल केली, "मराठी फोरमला मराठी पासवर्ड चालत नाही, ही गंमत आहे. बघ जरा." देवांगने उत्तर दिलं, "बघतो काका." महिन्याभराने काकांनी पुन्हा लिहिलं. त्यावर त्याने अंगठ्याचं चित्र ठेवलं. मग ओहायोत काहीतरी 'अरे देवा' झालं, आणि ते राहिलं ते वर्षभर राहिलंच.

तर तो मंगळवार. मराठी मंडळींच्या फोरमवर सुनेत्राने धागा काढला होता, "शशिकांत काका गेले? कधी?" खाली बघावं तर सभासदांच्या यादीत 'कै. शशिकांत'. कुणी सांगितलं, असं एकानेही विचारलं नाही. साइटवर आलंय म्हटल्यावर साइट कशाला खोटं बोलेल. काकांच्या घरी फोनही कुणी केला नाही. प्रत्येकाला वाटलं, बाकीच्यांनी केला असेल, आणि अशा वेळी घरच्यांना त्रास कशाला द्या.

देवांगनेही नाव पाहिलं. ते 'कै.' आपणच लावलंय, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. पास्ता बाजूला सारून तो लिहायला लागला. "काका मला वडिलांसारखे होते. गेल्याच आठवड्यात फोनवर तासभर बोललो. म्हणाले, देवांग, ओसरी बंद पडू देऊ नकोस." लिहिताना त्याचे डोळे खरोखर भरून आले. सगळेच काहीतरी जवळचं लिहीत होते. 'त्यांच्या शेवटच्या मेलला मी अंगठा दाखवला,' हे श्रद्धांजलीत बसण्यासारखं नव्हतं. त्याच्या मजकुराला सगळ्यांपेक्षा जास्त लाल बदाम मिळाले.

शुक्रवारी तो ग्रोसरीच्या दुकानात कोथिंबिरीची जुडी निवडत असताना फोन वाजला. स्क्रीनवर नाव, शशिकांत काका. त्यांचा मुलगा असणार. देवांगने आवाज जड केला.

"बोला दादा. मला कळलं. फार वाईट झालं."

"काय कळलं?" पलीकडून काका म्हणाले.

देवांगच्या हातातली जुडी ओल्या फरशीवर पडली.

"काका?"

"कैलासवासी काका म्हण. साइटवर तसं आहे."

"काका, तुम्ही... बरे आहात?"

"गुडघा दुखतो. बाकी मेल्याच्या मानाने उत्तम." काकांचा आवाज अगदी नेहमीचा, चुका काढायचा. "आधी म्हटलं कळवावं, मी आहे म्हणून. पण आत कुठे शिरता येतंय? बाहेरूनच वाचत बसलो. छान लिहिलंय रे लोकांनी. मग तुझं आलं. एक विचारायचं होतं. गेल्या आठवड्यात तासभर आपण काय बोललो?"

देवांग वाकून जुडी उचलायला लागला.

"मला काही आठवत नाही. वयामुळे असेल. तुला आठवत असेल तर सांग."

"काका, ते मी..."

"नंबर तोच आहे रे माझा," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी सकाळी तो आणि रुचा एडिसनला निघाले. गाडी रुचा चालवत होती, देवांग शेजारी बसून माफीची वाक्यं जुळवत होता.

"म्हणजे तू स्वतःच्याच जोकला फसलास," ती म्हणाली.

"हो."

"आणि रडलास."

"थोडा."

 टोलनाक्यावर तिला एवढं हसू फुटलं की मागच्या गाडीने हॉर्न दिला. देवांगला वाटलं, ही अशी अजून तासभर हसत राहिली तर बरं. पोचायला उशीर तरी होईल.

रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून त्याने मिठाई घेतली. दार काकांनीच उघडलं. हातात काठी, अंगात मुलाचा बास्केटबॉलचा स्वेटशर्ट. त्यांनी खोक्याकडे पाहिलं.

"मयताला बर्फी आणतात का रे तुमच्या नागपुरात?"

"काका, मला माफ करा."

"आधी लॉगिन दुरुस्त कर."

डायनिंग टेबलावर बसून देवांगने दुरुस्ती केली. दहा मिनिटांचं काम. ते दहा मिनिटांचं आहे हे काकांनी घड्याळात पाहिलं. मग एका हाताने कीबोर्ड झाकत त्यांनी आपला मराठी पासवर्ड टाकला. दार उघडलं. नावाआधीचं 'कै.' गळून पडलं.

"लिहा काका. सगळे किती खूश होतील."

"मी काय लिहू? सुनेत्रा म्हणते माझ्यावाचून कोजागिरी सुनी झाली. मी होतो तेव्हा म्हणायची, काका, माइक सोडा आता." काकांनी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. "मेलो तुझ्यामुळे. जिवंतही तूच कर."

देवांगने लिहिलं, "एका तांत्रिक बिघाडामुळे शशिकांत काकांबद्दल चुकीची माहिती दिसली. काका ठणठणीत आहेत. तसदीबद्दल क्षमस्व."

काकांनी चष्मा वर करून वाचलं. "बिघाड कुणी केला, ते राहिलं."

देवांगने खोडून पुन्हा लिहिलं. ते 'कै.' माझा विनोद होता. काकांना आत येता येत नव्हतं, कारण मी दार लावलं होतं. त्यांनी दोनदा सांगूनही मी बघितलं नाही.

"हं," काका म्हणाले. "अजून एक राहिलंय."

काय राहिलंय हे देवांगला माहीत होतं. रुचा उठून स्वयंपाकघरात गेली, चहाचं बघते म्हणाली, आणि तिथे कुठलंच भांडं वाजलं नाही.  त्याच्या त्या मजकुरावर मंडळींनी लिहिलं होतं, "भाग्यवान आहेस, शेवटचं बोलणं झालं." एकाने तर आपल्या मुलांना वाचून दाखवला होता. त्याला वाटलं, काका म्हणतील, जाऊ दे रे. काका काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून स्क्रीनकडे बघत राहिले. दाव्याचे कागद पूर्ण झाल्याशिवाय हे असेच बसत असणार.

त्याने लिहिलं, "गेल्या आठवड्यात आमचं बोलणं झालं नव्हतं. एडिसनला गेल्यापासून मी त्यांना एकदाही फोन केलेला नाही." आणि वर न बघता 'पाठवा' दाबलं.

एकदाच गेलं. काकांनी खात्री केली.

मिनिटाभरात उत्तरं यायला लागली. देवांगने मान फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. तिथे शेजाऱ्याचं कचऱ्याचं पिंप होतं. त्याने ते फार लक्षपूर्वक पाहिलं.

"तिघं म्हणतात, काका, फोन करतो," काका म्हणाले. "बाकीचे तुझ्याबद्दल आहेत. शिव्याच आहेत बहुतेक. वाचू?"

"वाचा काका."

काकांनी बर्फीचं खोकं उघडून मध्ये ठेवलं, चष्मा पुसला, आणि पहिल्यापासून, सावकाश, एकही न गाळता वाचायला सुरुवात केली.