मानाचा राजीनामा

काही माणसे अन्याय इतक्या अदबीने करतात, की त्या अदबीचीच शिसारी यावी. दौलतसिंह त्यांतलाच. माझा भाचा सौरव ग्वाल्हेरबाहेरच्या ज्या कारखान्यात यंत्रावर काम करी, तेथील कामगार-विभागाचा हा अधिकारी. कारखान्याचा एक विभाग बंद होणार होता आणि कपातीच्या यादीत सौरवचे नाव होते. ते नाव ‘वाचवण्यासाठी’ हा गृहस्थ रविवारी दुपारी जयेंद्रगंजात माझ्या मेव्हण्यांच्या घरी येऊन बसला होता. राजीनामा त्याने छापूनच आणला होता. उणीव होती ती फक्त सहीची.

ताईने त्याच्यापुढे कचोऱ्या ठेवल्या होत्या. तो खात होता आणि त्याच तेलकट बोटांनी कागद पुढे सरकवीत होता. सौरवपुढे नव्हे, त्याच्या वडिलांपुढे.

“आबासाहेब, आप ख़ानदानी लोग हैं। गेट पर लिस्ट लगेगी, उसमें आपके कुँवर का नाम अच्छा लगेगा?”

तुकोजीरावांची मान ताठ झाली. “आमच्या घराण्यात माणसे नोकरी सोडतात, नोकरीवरून काढली जात नाहीत. सौरव, सही कर.”

“आबासाहेब, सही केली तर बेकारीचा भत्ता बुडतो,” सौरव म्हणाला. “इतकी वर्षं पगारातून विम्याचे पैसे कटतायत. नोकरी गेली तर काही महिने निम्मा पगार मिळतो, पण त्यांनी काढलं तरच. खुद छोड़ी तो कुछ नहीं.”

“म्हणजे घरी बसून खाणार. खैरात!”

या शब्दावर मला गप्प बसवेना. “तुकोजीराव, गेल्या वर्षी तुमची मोटार खांबाला धडकली. दुरुस्ती विम्यातून करून घेतलीत. ती खैरात होती काय?”

“ती मोटार होती, सूर्याजी.”

“आणि हा तुमचा मुलगा आहे.”

“मोटार आळशी होत नाही!” ते उसळून म्हणाले. “फुकटचे मिळू लागले की माणूस काम शोधायचे सोडतो.”

हे वाक्य ज्या मुखातून बाहेर पडले, त्या मुखात आजवर पडलेला प्रत्येक घास नई सडकेवरच्या तीन दुकानांच्या भाड्यातून आलेला होता. ती दुकानेही त्यांच्या आजोबांनी घेतलेली. पूर्वजांच्या तलवारीचे व्याज आयुष्यभर बसून खाल्लेला मनुष्य कामगाराला आळसाचा धोका समजावीत होता, आणि समोरचा पाहुणा भक्तिभावाने मान डोलवीत होता.

मी म्हणालो, “निम्म्या पगारावर चैन कोणी करीत नाही. तेवढ्याने घरात पीठ येते, आणि पहिल्याच भेटलेल्या मालकाचे पाय धरावे लागत नाहीत. विम्याचे मोल एवढेच. पण ते थोडे नव्हे.”

“आणि आमच्याच यंत्रावर ठेकेदाराची जी माणसं आहेत ना मामा,” सौरव हळूच म्हणाला, “त्यांची ना कपात होते ना भत्ता मिळतो. त्यांना उद्या नुसतं ‘येऊ नका’ म्हणतील. मला निदान मागायचा हक्क आहे, तर तोही सोडू?”

मी दौलतसिंहाकडे वळलो. “सौरवने राजीनामा दिला नाही, तर कंपनीचे काय जाते?”

तो हसला. दातांत कोथिंबीर अडकली होती. “मामाजी, आप तो वकील निकले! कपात दिखाओ तो मुआवज़ा दो, सरकार को जवाब दो। इस्तीफ़ा हो तो सब साफ़।”

मला वाटले, आता तरी मेव्हण्यांचे डोळे उघडतील. मानाच्या नावाखाली कोणाची तिजोरी राखली जात होती, हे पाहुण्याने स्वतःच सांगून टाकले होते. तुकोजीरावांनी ते नीट ऐकले. त्यांना ते कळलेही. मग त्यांनी खिशातले पेन काढून मुलाच्या हातात दिले.

सौरवने टोपण उघडले. वडिलांपुढे ‘नाही’ म्हणण्याची त्या घरात कोणालाच सवय नव्हती.

दाराशी उभी असलेली त्याची बायको विनिता तेव्हा बोलली. “सही करा ना. फक्त आबासाहेबांना एक विचारते. दुसरी नोकरी मिळेपर्यंत राशन आणि गुड्डीच्या शाळेची फी दुकानांच्या भाड्यातून येईल ना?”

तुकोजीराव खिडकीबाहेर पाहू लागले. “भाडे घराण्याचे आहे, सूनबाई. त्यात असे वाटे पाडायचे नसतात. सौरव मर्द आहे, आपले आपण पाहील.”

ताईने पदर तोंडाशी नेला. सौरवने टोपण बसवले आणि पेन वडिलांच्या पुढ्यात ठेवले.

“दौलतसिंहजी, लिस्ट में मेरा नाम रहने दीजिए। मोठ्या अक्षरांत लावा.”

“आज से तू हमारा कोई नहीं!” तुकोजीराव ओरडले. संतापात त्यांनाही हिंदीच सुचली.

दौलतसिंह मुळीच रागावला नाही. त्याने कागदाची घडी घातली, ताटलीतली शेवटची कचोरी तोंडात टाकली आणि भरल्या तोंडाने विचारले, “संग्रामसिंहजी का लड़का भी इसी लिस्ट में है। उनका घर टोपी बाज़ार में है न, आबासाहेब?”

एक क्षणभर मला वाटले, आता हा म्हातारा त्याला जिन्यावरून खाली ढकलील.

तुकोजीराव उठले, त्यांनी पायांत जोडे सरकवले आणि खुंटीवरची टोपी डोक्यावर नीट बसवली.

“चलिए, मैं साथ आता हूँ,” ते म्हणाले. “संग्रामसिंह माझा शब्द मोडणार नाहीत.”