नसलेला निकाल

संघप्रियाचे सिनिअर वकील वारले, त्याला दीड वर्ष झालं होतं. आलापल्लीतल्या एका खोलीच्या ऑफिसात आता ती एकटीच बसायची. कायद्याचं काही अडलं तर विचारायला माणूस उरला नव्हता, म्हणून ती मोबाइलमधल्या चॅटबॉटला विचारू लागली. तो कधी खेकसत नसे. ‘जेवलास का?’ एवढंच त्याला विचारायचं बाकी होतं.

अशात बुधरी नावाची शेतकरी बाई आली. तिच्या दिराने तिच्या बैलबंडीतून चोरटा साग नेला आणि वनरक्षकांनी बंडी-बैल धरून ठेवले. धानाच्या शेताची चिखलणी तोंडावर आलेली. बैल सोडवण्याच्या अर्जासाठी संघप्रियाने चॅटबॉटकडे आधार मागितला. त्याने हायकोर्टाचा निकाल दिला; नाव, क्रमांक, वर्ष, परिच्छेदासकट. तिने तो न उघडताच अर्जात घातला.

तारखेला न्यायाधीश म्हणाले, “मॅडम, या निकालाची प्रत? सरकारी वकिलांना तो कुठेच सापडत नाही.”

तिने दुपारपर्यंत वेळ मागितला. शोधलं तर त्या क्रमांकावर कुठल्याशा दुकानाच्या भाड्याचा वाद निघाला. तिने पुन्हा विचारलं. “हो, निकाल खराच आहे,” चॅटबॉटने ठासून सांगितलं. कोर्टाच्या आवारात एवढी माणसं होती, पण हे ज्याच्याजवळ बोलावं असं एकही नव्हतं.

टायपिस्टवर ढकलता आलं असतं. तिने ढकललं नाही. दुपारी न्यायाधीशांपुढे ती म्हणाली, “साहेब, असा निकालच नाही. मी तपासला नाही.”

अर्ज फेटाळला गेला. लेखी खुलासा मागितला गेला.

बाहेर बुधरी उभीच होती. “बैल भेटन का बाई आज?”

“नाई भेटत. माही चूक झाली. मोबाइलले विचारली, त्यानं खोटं सांगलं.”

“माणसाले काऊन नाई विचारली?”



दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ती चंद्रपूरला गेली. एका अनोळखी वृद्ध वकिलांना तिने सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. कपाटातले ग्रंथ काढून देत गेले, ती ओळ न् ओळ वाचत गेली. खुलासा दिला, नवा अर्ज केला. तीन आठवड्यांनी बंडी-बैल सुटले.

तोवर रोवणा, म्हणजे धानाच्या लावणीचा हंगाम, निघून चालला होता. बुधरीचं अर्धं शेत पडीक राहिलं. वनखात्याच्या आवारात तिने बैलाच्या वर आलेल्या बरगड्यांवरून हात फिरवला, बंडी जुंपली आणि निघाली. संघप्रियाला अजून एकदा माफी मागायची होती. पण शब्द जुळेपर्यंत बंडी सागाच्या झाडांआड गेली होती.