चौतीस टक्के

अहो, इकडे बघा ना! बेसमेंटमध्ये, वॉटर हीटरच्या मागे. मी बुटांचा खोका बोलतोय.

बूट त्र्यंबककाकांचे. काका अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी, गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. लंचला सगळं ऑफिस कॉलेज फुटबॉलवर तुटून पडायचं आणि काका आपले गप्प सँडविच चावायचे. घरी तर मुलगाच, संजीव, हायस्कूलच्या टीमचा किकर, म्हणजे लाथेनं बॉल उडवून पॉइंट मिळवणारा. पण बापलेकांचं बोलणं म्हणजे, "जेवलास?" "येस." संपलं!

मग एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात काकांनी लायब्ररीतून जुने रेकॉर्ड आणले. प्रत्येक कॉलेजचं एक कार्ड. आजवर किती मॅच खेळले, किती जिंकले, किती टक्के. आणि कार्डं माझ्या पोटात, नंबराप्रमाणे. थेट बोर्डाची मेरिट लिस्ट!

एकूण विजयांत पहिलं आलं येल, आता खेळापेक्षा अभ्यासासाठीच नावाजलेलं जुनं कॉलेज.

"येल? बाबा, सीरियसली?" संजीव हसून हसून लोळला. "दॅट्स लाइक अ हंड्रेड इयर्स अगो!"

"जास्त मार्क, तो पहिला. वशिला चालत नाही इथे!"

रोज जेवणानंतर दोघं माझ्यावर वाकून भांडायचे. काय मजा यायची, यार! माझ्या आयुष्यातला तेवढा एकच हिवाळा उबदार.

वसंतात संजीवला पत्र आलं. ओहायोतलं हार्लन क्रीक नावाचं छोटंसं कॉलेज त्याला किकर म्हणून बोलावत होतं. काकांनी पत्र धड वाचलंसुद्धा नाही. आधी रेकॉर्ड मागवला. दोनशे मॅच, अडुसष्ट विजय. चौतीस टक्के. आपल्याकडे पास व्हायला पस्तीस लागतात ना? काकांनी सवयीनं लाल पेन काढलं आणि कार्डावर मोठ्ठा शेरा मारला.

संजीवला मराठी वाचता येत नाही. "आई, व्हॉट डझ इट से?"

शैलाकाकू भांडी घासत राहिल्या.

"आई!"

"नापास," काकू म्हणाल्या.

संजीवनं कार्ड हळूच परत ठेवलं. "दे आर द ओन्ली वन्स हू वॉन्टेड मी, बाबा."

"अरे, मी कॉलेजबद्दल लिहिलंय, तुझ्याबद्दल नाही!"

पण तो वर निघून गेला होता. आणि सप्टेंबरात तिथेच शिकायला गेला.

मग दर शनिवारी सातला फोन यायचा. "वुई वन, बाबा! आय किक्ड टू!" एवढ्याशा कॉलेजचा स्कोअर आमच्या पेपरात कुठला छापायला? काका फोनवर ऐकून कार्डावर लिहायचे. चौतीस पॉइंट तेहतीस. पुढच्या शनिवारी चौतीस पॉइंट पासष्ट. तिसऱ्या शनिवारी तर काका ओरडलेच, "चौतीस पॉइंट अठ्ठ्याण्णव! अजून एक जिंकलात की पास!"

पलीकडे संजीवचा आवाज एकदम खाली आला. मग, "येस, बाबा."

ती पास होण्याची मॅच बघायला काका न सांगता निघाले. मी पुढच्या सीटवर. चार तास ड्राइव्ह! काका चक्क गुणगुणत होते हो.

तिकिटाच्या खिडकीत एक म्हातारी बाई होती. काकांनी मला काखेत धरून अभिमानानं सांगितलं, मी किकरचा बाप.

"संजीव?" बाई गोंधळली. "त्यानं तर पहिल्याच आठवड्यात टीम सोडली, हनी. आणि आम्ही या वर्षी एकही जिंकलेलो नाही."

काका कुंपणापाशी शेवटपर्यंत उभे राहिले. टीम चौथीही हरली. संजीवचं हॉस्टेल समोरच होतं. काकांनी तिकडे एकदा पाहिलं, गाडीत बसले, आणि आम्ही परत फिरलो.

घरात शिरतोय तोच फोन वाजला. काकांच्या अंगात अजून कोट होता.

"वुई वन, बाबा. लास्ट किक माझी."

काकांनी माझं झाकण काढलं. कार्डावर लिहिलं, पस्तीस पॉइंट एकोणतीस. शेवटचा नऊ दोनदा गिरवला.

"शाब्बास," ते म्हणाले. "पास झालास."

झालास, म्हणाले. टीम नाही, तो. मग फोन ठेवला, कार्ड आत सरकवलं आणि माझं झाकण लावलं.

त्यानंतर शनिवारचे फोन थांबले. पाच वर्षं झाली. संजीव कॅलिफोर्नियात असतो, दिवाळीला दोन मिनिटं बोलतो. फुटबॉलचं नाव कुणीच काढत नाही. इथल्या ओलीनं माझा तळ सुटत आलाय, कार्डं एकमेकांना चिकटलीत, येलसुद्धा.

मला फेकाल तेव्हा फेका. फक्त त्याआधी कुणीतरी संजीवला फोन करा. सांगा, त्या शनिवारी तुझे बाबा कुंपणापाशी उभे होते.