दुसऱ्या पायरीतला नेब्युलायझर

मित्रांनो, मी एक जुना नेब्युलायझर आहे आणि मला संताप आलेला आहे. गोड गोष्ट हवी असेल त्यांनी दुसरीकडे जावे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. आमच्या घरात मला ‘वाफेचं यंत्र’ म्हणतात. मी वाफ करत नाही. वाफ इडलीपात्रात होते. माझ्या पोटात पंप आहे. तो नळीतून जोराने हवा ढकलतो, त्या हवेने कपातल्या औषधाचे बारीक तुषार होतात आणि ते मास्कमधून थेट छातीत उतरतात. काम करताना मी फार घरघरतो, हे मात्र खरे आहे.

म्हैसूरजवळच्या हिनकलमधल्या या घरात मला बारा वर्षांपूर्वी आणले, ते रघुनाथरावांसाठी. ते निवृत्त शिक्षक, गल्लीचे ‘मेष्ट्रे’, होते आणि त्यांना दम्याचा जुना त्रास होता. पुढच्या खोलीत टीपॉयवर, वर्तमानपत्राशेजारी माझी जागा होती. ते सगळ्यांदेखत मास्क लावून बसत. येणारा-जाणारा आदराने विचारी, “काय मेष्ट्रे, आज बरं वाटतंय ना?” त्यांची सून जयवंतीबाई रोज मास्क धुवून स्वच्छ फडक्यावर वाळत घाली. ते माझे मानाचे दिवस होते. म्हातारपणाने ते गेले आणि मी माळ्यावर गेलो.

मग त्यांच्या नातीची, जयवंतीबाईंच्या आभाची छाती वाजू लागली. तेव्हा ती सहा वर्षांची होती. धूळ किंवा धूर लागला की आधी शिंका, मग खोकला, मग शिट्टी. शहाळ्याची नळी चिमटीत दाबून पाणी ओढून पाहा, म्हणजे तिचे काय होत असे ते कळेल. छातीतल्या नळ्या आतून सुजतात, आवळतात, कफाने भरतात. हवा कशीबशी आत जाते, पण बाहेर पडता पडत नाही. डॉक्टरांनी तिला रोज तोंडाने ओढायचा औषधाचा एक छोटा पंप दिला आणि अचानक त्रास झाला तर मला वापरायला सांगितले.

पण आता माझी जागा टीपॉयवर नव्हती. मी कपाटात, टॉवेलांच्या मागे. दारावरची बेल वाजली की औषध अर्धे असतानाच मला बंद करून आत ढकलत. आजोबांचा दमा सगळ्या गल्लीला ठाऊक असलेला चालत होता. मुलीचा दमा कुणाला कळता कामा नये. का? आता अकरा वर्षांच्या झालेल्या पोरीने कुणाचे काय बिघडवले होते? या प्रश्नाने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तिचे बाबा शरदचंद्र बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. तीन महिने आभाला त्रास झाला नाही, तेव्हा त्यांनी रोजचा पंपच बंद केला. म्हणाले, “सवय लागेल.” अहो, चष्म्याची सवय लागेल म्हणून तुम्ही चष्मा काढून स्कूटर चालवता का? पंप चालू होता म्हणून तर पोर बरी होती.

मग दसरा आला. बन्नूरहून आभाची आत्या, रुक्मिणीबाई, दरवर्षीप्रमाणे बाहुल्या मांडायला आल्या. इथे नवरात्रात घरोघर पायऱ्या करून त्यांवर बाहुल्या बसवतात. सर्वांत वर लाकडी राजा-राणी, पट्टद गोंबे. ती जोडी एकदा बसली की विजयादशमीला निजवेपर्यंत पायऱ्या हलवायच्या नाहीत. आणि नऊही दिवस बायका कुंकवाला येणार, घरभर फिरणार.

“हे यंत्र कपाटात बेड. नकोच,” रुक्मिणीबाई कानडी मिसळून म्हणाल्या. “बायका आतपर्यंत येतात. पोरीच्या जातीचं असलं बाहेर कळायला नको. नऊ दिवसांचाच प्रश्न आहे.”

जयवंतीबाईंनी नणंदेचे ऐकले. मला औषधासकट पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवले. तीच पेटी दुसरी पायरी झाली. वरच्या पायऱ्यांच्या फळ्या तिच्यावर टेकवल्या, त्यावर पांढरे धोतर अंथरले. जुन्या साड्यांत गुंडाळलेल्या बाहुल्या सोडवून पुसायचे काम कुणाकडे? आभाकडे. वर्षभराची धूळ तिच्या नाकातोंडात गेली. ती आठवडाभर शिंकत होती आणि घरातले म्हणत होते, हवा बदलली आहे.

सप्तमीच्या संध्याकाळी पाच-सहा बायका आल्या. रुक्मिणीबाईंनी निखाऱ्यावर धूप टाकला आणि तो खोलीभर फिरवला. मी पेटीत होतो. मला दिसत काही नव्हते, पण ती शिट्टी मी ओळखली. कुणी गरम पाणी दिले, कुणी छातीला बाम चोळला. मी इथे आहे, दोन हातांवर आहे, हे मी कसे सांगणार?

थोड्या वेळाने शिट्टी थांबली. “बघा, कमी झालं,” रुक्मिणीबाई म्हणाल्या.

मित्रांनो, कमी झाले नव्हते. शिट्टी वाजायलाही हवा लागते.

“ओठ बघा तिचे,” शेजारच्या नागरत्ना ओरडल्या. “निळे पडलेत.”

“यंत्र पेटीत आहे,” जयवंतीबाई म्हणाल्या.

“पायरीला हात नको लावू. राजा-राणी बसलेत. शरद येतोच आहे, स्वल्प थांब.”

“वन्सं, सरका.”

एवढेच त्या बोलल्या आणि त्यांनी पेटी ओढली. वरच्या फळ्या घसरल्या. बाहुल्यांतला मातीचा वाणी फुटला, वाणीण फुटली, राजा-राणी गडगडत कोपऱ्यात गेले. झाकण उघडले. दिव्यांच्या माळेची पिन उपटून त्या जागी माझी पिन लागली. इतक्या जोराने मी आयुष्यात घरघरलो नव्हतो. काही मिनिटांनी शिट्टी परत ऐकू आली, आणि ती ऐकून मला पहिल्यांदाच बरे वाटले.

तेव्हा नागरत्ना खाली मान घालून हळूच म्हणाल्या, “नम्म श्रीनिधीगू इदे.” म्हणजे आमच्या लेकराला, श्रीनिधीलाही असलं यंत्र आहे. कपाटात, साड्यांच्या मागे.

ऐकलेत? भिंतीपलीकडे माझ्यासारखाच एक होता. एका मिनिटात आला असता. पण या घराने त्यांच्यापासून लपवले होते आणि त्यांनी या घरापासून. दोन्ही घरांची अब्रू शाबूत होती आणि मधे पोर निळी पडत होती. माझा राग आहे तो यावर.

शरदचंद्र आले आणि तिला तडक दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारले, “पंप कुणी बंद केला?”

नवमीला ती घरी आली. त्या दिवशी आमच्याकडे आयुधपूजा असते. स्कूटर, विळी, मिक्सर, सगळ्यांना हळदकुंकू. रुक्मिणीबाईंनी मलाही पाटावर बसवले. डोळे पुसत त्यांनी मला शेवंती वाहिली आणि चिमूटभर कुंकू लावले, नेमके हवा ओढायच्या जाळीवर. मग त्या धूप आणायला निघाल्या.

“आत्या, धूर बेड,” आभा म्हणाली. तिने फ्रॉकच्या टोकाने माझ्यावरचे कुंकू पुसले. “आणि इथे काही लावायचं नाही. तो इथून श्वास घेतो.”

रुक्मिणीबाई निखारे अंगणात ठेवून आल्या. त्यांनी माफी मागितली नाही. पण मला उचलून टीपॉयवर ठेवले ते त्यांनीच.

मला ओवाळू नका, मित्रांनो. माझी जाळी बदला, मास्क धुवा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा पंप थांबवू नका. आणि मला लपवू नका. आता मी पुन्हा वर्तमानपत्राशेजारी असतो. परवा औषध चालू असताना बेल वाजली. जयवंतीबाईंचा हात सवयीने माझ्या बटणाकडे आला. आभाने तो धरला आणि मास्कमधूनच हाक दिली, “या ना आत, मी श्वास घेतेय.”